साठ घरांची मंडळी आणि हातातला फोन

लहान मंडळीच्या, म्हणजे एखाद्या छोट्या चर्चच्या सभासदांच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर वर्षभरात सगळ्यांत लक्ष देऊन वाचला जाणारा मेसेज असतो दफनविधीचा. सकाळचं वचन लोक अर्धवट वाचतात, नाताळच्या शुभेच्छांचा फोटो न उघडताच पुढे जातात. पण ‘प्रभूमध्ये निद्रिस्त झाले’ एवढे शब्द दिसले की बाजारात भाजी घेणारी बाईसुद्धा पिशवी खाली ठेवते आणि मेसेज शेवटपर्यंत वाचते. कोण, कधी, कुठे, आपल्याला किती वाजता पोहोचायला हवं, हे सगळं तिला त्या एका मेसेजमधून हवं असतं.

आणि नेमका हाच मेसेज सगळ्यांत जास्त चुकतो. घरच्यांना विचारण्याआधीच कोणीतरी घाईनं टाकतो. दुपारी तीनची वेळ लिहिलेली असते, मग कळतं की मोठा मुलगा दुबईहून संध्याकाळच्या विमानानं येतोय, विधी उद्या सकाळी. व्हॉट्सॲपवर पाठवलेला मेसेज पहिली १५ मिनिटंच दुरुस्त करता येतो. त्यानंतर तो सर्वांसाठी पुसायचा आणि नवा टाकायचा, एवढंच हातात राहतं. पुसण्यासाठी साधारण अडीच दिवस मिळतात, पण तोवर जुना मेसेज श्रीरामपूरच्या मावशीकडे, पिंपरीच्या भाच्याकडे आणि तिथून आणखी चार ग्रुपांवर गेलेला असतो. तिकडची प्रत आपल्याला पुसता येत नाही. माणसं तीनला कबरस्थानाच्या फाटकाशी येऊन उभी राहतात आणि आत कोणी नसतं.

यावरचा उपाय तंत्राचा नाही, लिहिण्याच्या शिस्तीचा आहे. पहिल्या ओळीत माहिती कधीची ते लिहायचं: ‘मंगळवार, सकाळी ९.४० ची माहिती’. मग मेसेज कितीही फिरला तरी वाचणाऱ्याला कळतं की याच्यानंतरचा एखादा असू शकतो. दुसऱ्या ओळीत पूर्ण नाव, वय आणि ओळख. एका आडनावाची सात घरं असतात तिथे ‘शाळेमागचे’ किंवा ‘अमक्या बाईंचे दीर’ एवढं लिहिल्याशिवाय माणूस कळत नाही. तिसऱ्या ओळीत तीन वेळा वेगवेगळ्या: घरून निघण्याची, चर्चमधल्या उपासनेची, कबरस्थानातली. चौथ्या ओळीत एकच फोन नंबर, तोही पुतण्याचा किंवा शेजाऱ्याचा. जिचा नवरा गेलाय तिचा नंबर कधीही द्यायचा नाही. दिवसभर तिचा फोन वाजत राहतो आणि प्रत्येकाला तिला तेच सांगावं लागतं. वेळ ठरली नसेल तर ‘वेळ अजून ठरलेली नाही, दुपारी एकला कळवू’ असं लिहायचं आणि एकला खरोखर कळवायचं. मेसेज २४ तासांसाठी वर पिन करून ठेवायचा.

मग अर्ध्या तासानं तोच मेसेज दाबून धरून ‘माहिती’ उघडायची. साध्या ग्रुपमध्ये कोणी वाचलं आणि कोणापर्यंत तो नुसताच पोहोचला, याची यादी नावानिशी दिसते. ज्यांनी वाचलं नाही त्यांना फोन करायचा. साठ घरांच्या मंडळीत ही यादी दहा-बारा नावांची असते, अर्ध्या तासात संपते. साध्या बटणांच्या फोनवाली जी सात-आठ घरं असतात, ती मुळात ग्रुपवर नसतातच. त्यांची नावं कागदावर लिहून ठेवायची आणि प्रत्येक घरासाठी शेजारचं एक घर नेमून द्यायचं.

हा एक मेसेज नीट जमला की बाकीचं सोशल मीडिया निम्मं जमलं म्हणायचं. कारण त्यात जे लागतं तेच सगळीकडे लागतं. आपण कोणासाठी लिहितोय ते ठाऊक असणं, आणि टाकण्याआधी तपासणारा एक माणूस असणं.

मराठी ख्रिस्ती समाजाला माध्यम नवं नाही. ‘ज्ञानोदय’ हे ख्रिस्ती नियतकालिक अहमदनगरला सुरू झालं ते १८४२ साली. त्याला संपादक होता. आज प्रत्येक मंडळीच्या हातात त्याहून वेगवान साधन आहे आणि संपादकाची जागा मात्र रिकामी आहे. तरुण संघातल्या ज्या मुलाला फोटो चांगले काढता येतात त्याच्याकडे सगळं सोपवलं जातं. तो मन लावून करतो, पण कोणती गोष्ट टाकू नये हे ठरवण्याचा अधिकार त्याला कोणी दिलेला नसतो. कमिटीनं दोन माणसं नेमावीत, एक करणारा आणि एक पाहणारा. पाहणाऱ्याला फोनमधलं फारसं कळलं नाही तरी चालेल. त्याला मंडळीतली घरं कळायला हवीत. शाळेतून निवृत्त झालेल्या एखाद्या बाई या कामाला फार चांगल्या.

कोणासाठी, हा प्रश्न लहान मंडळीत अगदी मोजून सोडवता येतो. एक वही घ्यावी आणि चार याद्या कराव्यात. अंथरुणाला खिळलेले किंवा पायऱ्या न चढू शकणारे. रविवारी ड्यूटी असणारे: नर्स, वॉचमन, एसटीतले, हॉटेलातले. गाव सोडून पुण्याला, मुंबईला, आखातात गेलेले. आणि गावात नव्यानं आलेले, ज्यांना आपलं चर्च अजून माहीत नाही. पहिल्या तीन याद्यांत मिळून तीस-चाळीस नावं निघतात. सगळं काम त्यांच्यासाठी. चौथ्या यादीला नावं नसतात, पण तिच्यासाठी लागणारं काम थोडकं आणि एकदाच करायचं असतं, ते पुढे सांगितलं आहे. ‘जगभर सुवार्ता’ हा हेतू मनात ठेवून काढलेलं पेज सहसा तीन महिन्यांत बंद पडतं, कारण जगाला लिहिताना नेमकं काय लिहावं ते सुचत नाही. सौदीत नोकरीला असलेल्या एका मुलाला लिहायचं असलं की लगेच सुचतं. तिथे रविवार कामाचा दिवस. आपली उपासना दहाला सुरू होते तेव्हा त्याच्याकडे साडेसात वाजलेले असतात आणि तो कंपनीच्या बसमध्ये असतो. त्याला लाइव्ह नको, रात्री ऐकता येईल असा संदेश, म्हणजे पाळकांचा (धर्मगुरूंचा) उपदेश, हवा, आणि शक्यतो डाटा न खाणारा.

म्हणून साधनांत पहिला मान व्हॉट्सॲपला आणि त्यातही आवाजाला. पंधरा मिनिटांचा संदेश साध्या एमपी-थ्रीत, ६४ केबीपीएसवर, सात एमबीच्या आसपास बसतो. तेच पंधरा मिनिटांचं बेताचं व्हिडिओ रेकॉर्डिंग दीडशे एमबीच्या पुढे जातं. चष्मा हरवलेल्या आजींना, चालत्या बसमधल्या नर्सला, दोघींनाही आवाज पुरतो. पाळकांनी आठवड्यात एखादा दोन-तीन मिनिटांचा निरोप स्वतः बोलून पाठवला तर तो कुठल्याही रंगीत चित्रापेक्षा जास्त ऐकला जातो. पंखा बंद करावा, फोन तोंडापासून वीतभर लांब आणि जरा बाजूला धरावा, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’ बोलताना श्वासाचा धक्का माइकला लागत नाही.

ग्रुपांची रचना सुरुवातीलाच नीट करावी, मागाहून बदलली की लोक रुसतात. सूचनांचा एक ग्रुप, ज्यात फक्त ॲडमिन लिहू शकतात. गप्पा, वाढदिवस, शुभेच्छा यांच्यासाठी दुसरा, तिथे सगळ्यांना मोकळीक. प्रार्थनेचा तिसरा, लहान, ज्याच्याबद्दल खाली बोलू. तिन्ही एकत्र ठेवले तर दफनाचा मेसेज चाळीस फुलांच्या फोटोंखाली गाडला जातो. ब्रॉडकास्ट लिस्टचा (एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवणाऱ्या यादीचा) मोह होतो, पण तिची मर्यादा २५६ जणांची, आणि ज्यांच्या फोनमध्ये आपला नंबर सेव्ह आहे त्यांनाच तो मेसेज जातो. ‘मला कधीच मेसेज येत नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा एवढंच कारण असतं. ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, हेही लक्षात असावं. तरुण मुलींना याचा त्रास होतो आणि त्या बोलत नाहीत. व्हॉट्सॲप कम्युनिटीच्या (अनेक ग्रुप एकत्र बांधणाऱ्या सोयीच्या) सूचना-ग्रुपमध्ये सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. मंडळी मोठी असेल किंवा बाहेरचे बरेच जण असतील तर ती सोय घ्यावी. ग्रुपची लिंक मात्र फेसबुकवर कधीही उघडी टाकू नये, आणि नवा सदस्य ॲडमिनच्या मंजुरीनंतरच आत येईल अशी सेटिंग चालू ठेवावी.

खातं कोणाच्या नावावर, यावरून अनेक मंडळ्यांची पेजेस मेली आहेत. मुलगा स्वतःच्या जीमेलवरून यूट्यूब चॅनल काढतो, दोन वर्षांनी नोकरीसाठी जातो, नंबर बदलतो, पासवर्ड विसरतो. चॅनलवर तीन नाताळ, दोन लग्नं आणि गेलेल्या पाळकांचा शेवटचा संदेश असतो आणि आत शिरता येत नाही. मंडळीच्या नावानं वेगळं जीमेल काढावं. त्याचा रिकव्हरी नंबर गावातच राहणाऱ्या कमिटी सदस्याचा असावा. दुहेरी पडताळणी चालू करावी. गूगल तेव्हा आठ-आठ आकड्यांचे दहा बॅकअप कोड देतं. ते छापून पाकिटात घालून बाप्तिस्म्याचं रजिस्टर ज्या कपाटात असतं तिथेच ठेवावं. फेसबुकवर पेज काढावं, व्यक्तीचं प्रोफाइल नव्हे, आणि पूर्ण अधिकार असलेली दोन माणसं असावीत. कमिटी बदलते तेव्हा किल्ल्यांबरोबर हे पाकीटही हातात द्यावं आणि तसं मिनिट-बुकात लिहावं.

आता रविवारची लाइव्ह उपासना. यात मंडळीचा सर्वांत जास्त जीव आणि पैसा जातो, आणि सर्वांत जास्त निराशाही इथेच होते.

मोबाइलवरून यूट्यूब लाइव्ह करायला चॅनलला किमान ५० सबस्क्राइबर लागतात. लाइव्हची परवानगी पहिल्यांदा मागितली की ती सुरू व्हायला २४ तासांपर्यंत लागू शकतात. नाताळच्या आदल्या संध्याकाळी चॅनल काढणाऱ्यांना हे त्या वेळी कळतं. महिनाभर आधी सुरुवात करावी आणि ‘अनलिस्टेड’ (लिंक असलेल्यांनाच दिसेल असं) ठेवून एक कोरडी तालीम घ्यावी.

डाटाचा हिशेब तर कागदावर मांडून पाहण्यासारखा आहे. ७२० दर्जाचं चित्र सेकंदाला साधारण चार मेगाबिट घेतं. म्हणजे तासाला १.८ जीबी. बऱ्याच जणांच्या सिममध्ये रोजचे दीड जीबी असतात, ते बरोबर पन्नास मिनिटांत संपतात. दहाला सुरू झालेल्या उपासनेत दहा-पन्नासला काय चालू असतं? स्तुती, वाचन, सूचना झालेल्या असतात आणि पाळक संदेशाला नुकते उभे राहिलेले असतात. तिथे वेग ६४ केबीपीएसवर येतो आणि पडद्यावर गोल फिरू लागतो. लोक म्हणतात, नेटवर्क गेलं. नेटवर्क जागेवर असतं, कोटा संपलेला असतो. दर्जा ४८० वर आणला तर सेकंदाला दीड मेगाबिट पुरतात, दोन तासांना १.३५ जीबी, आणि दीड जीबीत आशीर्वचनापर्यंत पोहोचता येतं. अर्थात त्या सिमवर सकाळपासून दुसरं काही पाहिलेलं नसेल तर. जिथे फाइव्ह-जी अमर्याद मिळतं तिथे हा हिशेब लागू नाही, पण जुन्या दगडी चर्चच्या जाड भिंतींच्या आत ते मिळतंच असं नाही. हॉटस्पॉटचा फोन खिडकीत ठेवावा आणि चित्रीकरणाचा फोन त्याला वाय-फायनं जोडावा. चित्रीकरणाचा फोन फ्लाइट मोडमध्ये टाकून फक्त वाय-फाय चालू ठेवला की प्रभुभोजनाच्या मधोमध कोणाचा फोन येऊन लाइव्ह तुटत नाही. व्हॉट्सॲप कॉल वाय-फायवरूनही येतो, म्हणून ‘डू नॉट डिस्टर्ब’ही लावावं.

चित्र थोडं अंधुक असलं तरी माणूस पाहतो. आवाज घुमत असला तर पाच मिनिटांत बंद करतो. तिसऱ्या बाकावर ठेवलेल्या फोनला पाळकांच्या आवाजाच्या आधी डोक्यावरचा पंखा, मग पत्र्याच्या छताचा घुमारा आणि शेजारच्या बाळाचं रडणं ऐकू येतं. पैसे खर्च करायचेच तर आधी माइकवर करावेत, कॅमेऱ्याचा विचार नंतर. वायरचा साधा कॉलर माइकसुद्धा जमीन-अस्मानाचा फरक करतो. तो गळ्याखाली, दुसऱ्या-तिसऱ्या गुंडीपाशी लावावा. झग्यावर लावताना कापड माइकवर घासत नाही ना ते चालून पाहावं.

पण कॉलर माइक फक्त पाळकांचा आवाज घेतो. मग उपदेश खणखणीत आणि भजन कुठून तरी लांबून आल्यासारखं, असं होतं. मराठी उपासनेत अर्धा जीव गाण्यात असतो, म्हणून हे चालण्यासारखं नाही. दोन ट्रान्समीटर आणि एक रिसीव्हर असलेला बिनतारी संच घ्यावा. एक पाळकांना, दुसरा स्टँडला बांधून पेटीपासून तीन-चार फुटांवर, गाणाऱ्यांच्या तोंडाकडे वळवून. तबल्याच्या अगदी जवळ ठेवला तर प्रत्येक ‘धा’ला आवाज फाटतो आणि शब्द बुडतात. संच घेण्याआधी आपल्याच फोनवर, यूट्यूबच्याच ॲपमध्ये लावून पाहावा. काही फोन बाहेरचा माइक जोडला तरी स्वतःचाच माइक वापरत राहतात आणि दोन तासांनी कळतं की सगळा पंख्याचा आवाज रेकॉर्ड झालाय. माइकवर हलकेच टिचकी मारायची आणि रेकॉर्डिंग हेडफोननं ऐकायचं, दहा सेकंदांत खात्री होते.

ॲम्प्लिफायरच्या मागच्या लाइन-आउटमधून थेट वायर फोनला जोडण्याची युक्ती बरेच जण करतात. तो सिग्नल माइकच्या सिग्नलपेक्षा कितीतरी जोरदार असतो, फोनला तो झेपत नाही आणि आवाज कर्कश होतो. मध्ये तो कमी करणारी वायर लागते. शिवाय फोन त्याच बोर्डावर चार्जिंगला लावला तर सतत ‘हूं’ असा गुणगुणाट येतो. फोन पॉवर बँकवर ठेवला की तो जातो.

उजेडाचं एकच सांगतो. वेदीमागे खिडकी असेल तर पाळकांचा चेहरा काळा दिसणारच. फोन थोडा बाजूला न्यावा, खिडकी चौकटीबाहेर काढावी. चेहऱ्यावर बोट दाबून उजेड कुलूपबंद करण्याची सोय कॅमेऱ्यात असते, पण लाइव्ह ॲपमध्ये ती असेलच असं नाही.

गाण्यांच्या हक्कांवरून दरवर्षी घबराट होते. भारतीय कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. नारायण वामन टिळक १९१९ साली गेले, त्यामुळे त्यांची भजनं कधीच सर्वांची झाली. धार्मिक विधीत गाणं गायला किंवा वाजवायला १९५७ चा कॉपीराइट कायदा मोकळीक देतो, पण विधीत गाणं वेगळं आणि त्याचं रेकॉर्डिंग इंटरनेटवर ठेवणं वेगळं. आणि गाणं जुनं असलं तरी कोण्या कंपनीनं केलेलं त्याचं ध्वनिमुद्रण नवं असतं, त्याचा हक्क निराळा. यूट्यूबवरचा दावा बहुतेक वेळा उपासनेतल्या गाण्यावर येतच नाही. उपासनेआधी लोक जमेपर्यंत स्पीकरवर जी रेकॉर्ड लावलेली असते, तिच्यावर येतो. लाइव्ह सुरू करण्याआधी ती बंद करायची, एवढ्यानं बरेचसे दावे टळतात. आपण स्वतः गायलेल्या जुन्या भजनावर यंत्रानं चुकून दावा लावला तर ‘डिस्प्यूट’मध्ये जाऊन हे आमचं गायन आहे आणि मूळ रचना हक्कमुक्त आहे, असं लिहावं. दावा म्हणजे स्ट्राइक नव्हे. स्ट्राइक (हक्कभंगाबद्दलची ताकीद) वेगळा, आणि ९० दिवसांत तीन आले तर चॅनल जातं. आजच्या गीतकारांची गाणी मात्र विचारून घ्यावीत. आपले लोक आनंदानं हो म्हणतात, फक्त नाव लिहा म्हणतात.

उपासना संपली की व्हिडिओची सुरुवात कापावी. पहिली दहा मिनिटं रिकामे बाक आणि वायर ओढणारा मुलगा दिसतो, आणि नंतर उघडणारा माणूस तिथूनच परततो. वर्णनात वेळा लिहाव्यात: ०:०० आरंभ, मग स्तुती, वाचन, संदेश. पहिली वेळ शून्याची आणि किमान तीन वेळा असल्या की यूट्यूब त्याचे भाग पाडून देतं. रात्रपाळीहून आलेल्या नर्सला थेट संदेशावर जाता येतं. फेसबुक लाइव्हचा व्हिडिओ आता फक्त ३० दिवस राहतो, म्हणून तो त्याच आठवड्यात उतरवून हार्ड डिस्कवर ठेवावा. लग्नाच्या व्हिडिओसाठी वर्षानं विचारणारे येतातच.

पोस्टरबद्दल दोन गोष्टी, कारण त्या रोज डोळ्यांना खुपतात. पहिली, मोडलेली अक्षरं. ‘ख्रिस्त’ हा शब्द पाहा. यातली पहिली वेलांटी ‘ख्र’ या जोडाक्षराच्या आधी बसायला हवी. जुन्या फोटोशॉपमध्ये भारतीय लिप्यांसाठीची वर्ल्ड-रेडी मांडणी चालू केली नाही तर ‘ख’, मोकळा हलन्त, ‘र’ आणि तिसरीकडेच लटकणारी वेलांटी असं काहीतरी छापलं जातं. प्रभूचंच नाव मोडकं, आणि तेच फ्लेक्सवर दहा फुटांचं होतं. श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टांत टाइप केलेला मजकूर तसाच व्हॉट्सॲपमध्ये चिकटवला तर निव्वळ चिन्हं उमटतात, तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा. ‘मुक्त’ (Mukta) किंवा ‘तिरो देवनागरी मराठी’ हे विनामूल्य फॉन्ट चांगले आहेत. दुसऱ्यात ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे येतात. दुसरी गोष्ट, चित्रातली माहिती मेसेजच्या मजकुरातही लिहावी. चित्रातलं वचन अंध माणसाच्या फोनला नीट वाचून दाखवता येईलच असं नाही, आणि सहा महिन्यांनी शोधायला गेलं तर सहज सापडतही नाही.

इन्स्टाग्राम तरुण संघाकडे द्यावं. उभ्या चौकटीत, अर्ध्या-एक मिनिटाचं, कॅरल राउंडचं (घरोघरी नाताळगीतं गाण्याचं) किंवा कापणीच्या सणाचं. त्यात वडीलधाऱ्यांनी फार बोटं घालू नयेत, फक्त पुढे सांगतोय ती बंधनं पाळली जातायत ना एवढं पाहावं.

काय टाकायचं नाही, हे जास्त महत्त्वाचं आहे.

प्रार्थनेची विनंती ही लहान मंडळीतली सर्वांत नाजूक गोष्ट. ‘अमक्या बहिणीच्या गर्भाशयाच्या ऑपरेशनसाठी प्रार्थना करा’ असं प्रेमानं लिहिलं जातं आणि संध्याकाळपर्यंत तिच्या सासरच्या गावी पोहोचतं. तिनं ते सांगितलेलं नसतं. ज्याच्यासाठी प्रार्थना आहे त्याला विचारल्याशिवाय आजाराचं नाव, इस्पितळाचं नाव, वॉर्ड यांतलं काहीही लिहू नये. ‘आपल्या एका बहिणीसाठी उद्या सकाळी नऊला प्रार्थना करा’ एवढं पुरतं. देवाला पत्ता ठाऊक आहे. कर्ज, दारू, नवरा-बायकोतला तंटा, मुलीचं ठरत आलेलं लग्न, हे विषय ग्रुपवर येऊच नयेत. ते पाळकांच्या किंवा पाळकबाईंच्या कानात राहावेत. प्रार्थनेचा ग्रुप म्हणूनच दहा-पंधरा भरवशाच्या माणसांचा, आणि त्यात मेसेज आपोआप नाहीसे होण्याची मुदत सात दिवसांवर लावलेली.

बाप्तिस्म्याचे फोटो हा दुसरा विषय. मंडळीला आनंद असतो, पण ज्याचा बाप्तिस्मा झाला त्याच्या घरी, नोकरीच्या ठिकाणी, वस्तीत त्याचं काय होईल याचा विचार फोटो टाकणाऱ्यानं केलेला नसतो. शेजारच्या गुजरात, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडमध्ये धर्मांतराविषयी कायदे आहेत, आणि फोटो राज्याची हद्द पाहून थांबत नाही. असे फोटो काढावेत, त्या माणसाला द्यावेत, आणि सार्वजनिक ठिकाणी टाकू नयेत. त्यानं स्वतः टाकले तर तो त्याचा निर्णय.

बरे झाल्याच्या साक्षींचे व्हिडिओही तसेच. चर्चमध्ये उभं राहून उपकार मानणं वेगळं, आणि ‘कॅन्सर पूर्ण बरा’ असं मोठ्या अक्षरांत लिहून इंटरनेटवर सोडणं वेगळं. तो व्हिडिओ पाहून दुसऱ्या कोणी औषध सोडलं तर त्याचा भार आपल्यावर आहे. महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही आहे. माणसानं डॉक्टरांचं आणि देवाचं दोघांचंही नाव घ्यावं, आणि ते कापून टाकू नये.

शब्बाथ शाळेतल्या (चर्चच्या रविवारच्या वर्गातल्या) मुलांचे फोटो दुरून, घोळक्याचे घ्यावेत. चेहरा आणि नाव एकत्र नको, शाळेचा गणवेश नको. पालकांची लेखी संमती वर्षातून एकदा, शाळा सुरू होताना घ्यावी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण मूल धरला आहे आणि त्याच्या माहितीला पालकांची संमती लागते. नाही म्हणणाऱ्या पालकांच्या मुलाला नाटकात मागे उभं करू नये. त्याच्यासाठी कॅमेराच बाजूला वळवावा.

पैशाचं थोडक्यात. क्यूआर कोड मंडळीच्या बँक खात्याचाच असावा, कोणा व्यक्तीचा नको, आणि स्कॅन केल्यावर दिसणारं नाव पोस्टमध्ये लिहावं म्हणजे दात्याला ताडून पाहता येतं. पाळकांचा फोटो लावून खोटं प्रोफाइल काढणं आणि ‘तातडीनं दहा हजार पाठवा’ म्हणणं हे सर्रास चालतं. मंडळी मेसेंजरवर कधीही पैसे मागणार नाही, असं दर तीन महिन्यांनी स्पष्ट लिहावं. परदेशातून कोणी यूट्यूब पाहून देणगी देऊ म्हटलं तर थांबावं. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय परदेशी देणगी घेता येत नाही. भारतीय पासपोर्ट असलेल्या आपल्या माणसानं स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे यात धरले जात नाहीत, पण तोच अमेरिकेचा नागरिक झाला असेल तर धरले जातात. नातं तेच असतं, पासपोर्ट बदललेला असतो.

चौथ्या यादीतले, नव्यानं आलेले लोक फेसबुकवर आपल्याला शोधत नाहीत, गूगल मॅपवर शोधतात. तिथली टाचणी फाटकावर आहे ना, उपासनेची वेळ बरोबर आहे ना, भाषा मराठी लिहिली आहे ना, हे वर्षातून दोनदा पाहावं. नाताळ आणि उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) विशेष वेळा आठवडाभर आधी टाकाव्यात. एक फोटो बाहेरून, रस्त्यावरून दिसतं तसा. रिक्षावाल्याला दाखवायला तोच उपयोगी पडतो.

लाइव्हखाली ‘३४ व्ह्यूज’ दिसले की करणारी मुलं हिरमुसतात. साठ घरांत ३४ हा आकडा लहान नाही, पण तो खराही नाही. एकाच घरात चौघे मिळून पाहतात तेव्हा एक मोजला जातो, आणि एकच आजी तीनदा बंद करून उघडते तेव्हा तीन. आकड्याऐवजी वहीतल्या याद्या काढाव्यात. कमेंटमध्ये ‘आमेन’ कोणी लिहिलं, कोण दिसलं, आणि दर रविवारी दिसणारं कोणतं नाव आज दिसलं नाही. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर तपासणीसाठी नेमलेल्या बाईंनी अशा तीन नावांना फोन करावा. सुरुवात तंत्रानं केली की बोलणं सोपं जातं: सलाम आजी, आज आवाज नीट येत होता का? आजी सांगतात, आवाजाचं काय, कालपासून तापच उतरला नाही. मग वही बाजूला ठेवायची, पाळकांना कळवायचं आणि संध्याकाळी त्यांच्या घरी कोण जातंय ते ठरवायचं.